साहाय्याचा कायदा आणि शेजार : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या आधारे एक चिकित्सा

१

शेजारच्या राष्ट्राच्या आर्थिक व सामाजिक विकासासाठी द्यावयाचे साहाय्य हा विषय सामान्यतः परराष्ट्रनीतीच्या कक्षेत मोडतो, असे समजले जाते. कायद्याच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. याचे एक कारण उघड आहे. भारतात असे साहाय्य कोणत्याही स्वतंत्र अधिनियमाखाली दिले जात नाही. नेपाळमधील त्रिभुवन राजपथ १९५३ ते १९५६ या काळात भारतीय सैन्याच्या अभियंत्यांनी बांधला. १९६१ साली सुरू झालेल्या भूतानच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा भार भारताने उचलला. १९६४ पासून भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम चालू आहे. परंतु या सर्वांमागे संसदेने केलेला साहाय्यविषयक कायदा शोधू गेल्यास तो सापडत नाही. शासनाची कार्यकारी सत्ता, वार्षिक अर्थसंकल्पातील मागणी आणि विनियोग अधिनियमातील एक आकडा, एवढाच त्याचा वैधानिक आधार होय.

मात्र शेजारच्या राष्ट्रातून जी माणसे येथे आली, त्यांना द्यावयाच्या साहाय्याबाबत याच संसदेने व मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४८ ते १९५४ या सहासात वर्षांत एकामागून एक कायदे केले. म्हणजे शेजाऱ्यास त्याच्या घरी पोचविलेले साहाय्य कायद्यावाचून चालले, आणि शेजारून आपल्या दारी आलेल्यास दिलेले साहाय्य कायद्याच्या चौकटीत बसविले गेले. या दोन पद्धतींची तुलना आजवर क्वचितच झाली आहे. ती करण्यास ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग पट्ट्याइतके योग्य क्षेत्र दुसरे मिळणे कठीण आहे. येथे कायद्याने दिलेल्या साहाय्याचे यश दिसते, त्याची मर्यादाही दिसते. आणि साहाय्य देणारा कायदा ज्यांची नावे घेत नाही त्यांचे काय होते, तेही दिसते.

२

प्रथम कायद्यावाचून दिलेल्या साहाय्याचा विचार करू गेल्यास पाकिस्तानशी संबंधित दोन उदाहरणे ध्यानात घ्यावी लागतात. अविभक्त भारताच्या रोख शिलकीपैकी ७५ कोटी रुपये पाकिस्तानच्या वाट्यास आले होते. त्यांपैकी २० कोटी आधी देण्यात आले. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या संघर्षामुळे रोखून धरण्यात आले आणि महात्मा गांधींच्या उपोषणाच्या काळात, १५ जानेवारी १९४८ रोजी, ते देण्याचा निर्णय जाहीर झाला. हे साहाय्य नव्हते, हे देणे होते. परंतु देणे आणि दान यांतील भेद लोकमताच्या दृष्टीने किती पुसट होऊ शकतो, याचा तो पहिला धडा होता.

दुसरे उदाहरण १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे झालेल्या सिंधू जलकराराचे. या कराराच्या पाचव्या अनुच्छेदानुसार, पूर्वेकडील नद्यांचे पाणी भारतास मिळाल्यावर पाकिस्तानास जे पर्यायी कालवे व बंधारे बांधावे लागणार होते त्यांच्या खर्चासाठी भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंडांची ठरावीक रक्कम दहा समान वार्षिक हप्त्यांत द्यावयाची होती. १९६५ च्या युद्धानेही हे हप्ते थांबले नाहीत. शेजारच्या देशातील विकासकार्यास भारताने दिलेली ही लक्षणीय रक्कम होय. करारावर सह्या झाल्यानंतर लोकसभेत त्यावर चर्चा झाली व टीकाही झाली; परंतु रकमेचे प्रमाण, तिचा हेतू व तिच्या अटी ठरविणारे विधेयक सभागृहापुढे आले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे घोषित केले, तोही निर्णय कार्यकारी सत्तेचाच होता. ज्या वाटेने साहाय्य गेले, त्याच वाटेने ते नाते आवरले गेले.

या पद्धतीचा गुण म्हणजे लवचिकपणा. प्रसंग पाहून हात सैल सोडता येतो आणि आखडताही येतो. परंतु तिचा दोषही याच गुणात आहे. ज्याला साहाय्य मिळावयाचे त्यास मागण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्या करातून ते द्यावयाचे त्या नागरिकास जाब विचारण्याची जागा नाही.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत १९६१ पासून परदेशी साहाय्याचा स्वतंत्र कायदा आहे. २००९ साली पाकिस्तानसंबंधी तेथे जो विशेष अधिनियम झाला, त्याने पाच वर्षे दरवर्षी दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या मुलकी साहाय्यास संमती दिली. परंतु त्यातील अटींवरून पाकिस्तानात मोठा क्षोभ उसळला. देणाऱ्याच्या विधिमंडळाने अटी लिहिल्या, त्या त्याच्या मतदारांच्या समाधानासाठी. घेणाऱ्याने त्या वाचल्या, तेव्हा त्यास त्या आपल्या सार्वभौमत्वाचा अधिक्षेप वाटल्या. इंग्लंडमध्ये मलेशियातील पर्गाऊ धरणास दिलेले साहाय्य १९९४ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविले. साहाय्याचा हेतू सांगणारा कायदा अस्तित्वात होता, म्हणूनच त्या हेतूशी विसंगत खर्चाविरुद्ध एका नागरी संघटनेस न्यायालयात जाता आले. तेव्हा साहाय्याचा कायदा असणे म्हणजे आपोआप न्याय नव्हे, आणि नसणे म्हणजे आपोआप औदार्य नव्हे. कायदा कोणाला बोलण्याची जागा देतो, हा खरा प्रश्न आहे. ही कसोटी हाती घेऊन उल्हासनगरकडे वळावयाचे.

३

कल्याणजवळ उल्हास व वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने एक विस्तीर्ण लष्करी छावणी उभारली. युद्ध संपल्यावर तिच्या दोन हजारांहून अधिक बराकी ओस पडल्या. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि सिंधमधील हिंदूंचे निर्गमन वेगाने सुरू झाले. पंजाब व बंगाल यांप्रमाणे सिंधची फाळणी झालेली नव्हती. जिथे आपली भाषा बोलली जाते असा कोणताही तुकडा सिंधी माणसाच्या वाट्यास भारतात आला नाही. जहाजाने मुंबईस आणि रेल्वेने मारवाडमार्गे आलेल्या या लोकांपैकी एक लाखाच्या घरातील जनसमूह कल्याण छावणीत ठेवण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. परंतु लोकांच्या बोलण्यातून 'कॅम्प' हा शब्द गेला नाही. शहराचे पाच भाग आजही कॅम्प क्रमांक एक ते पाच याच नावांनी ओळखले जातात. नाव बदलले तरी स्थिती सर्वस्वी बदलली नाही, याची ती साक्ष मानावयास हरकत नाही.

या लोकसमूहासंबंधी झालेल्या कायद्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. १९४८ च्या मुंबई निर्वासित अधिनियमाचा रोख नोंदणी व नियमन यांवर होता. निर्वासित हा तेथे प्रथमतः व्यवस्थेचा प्रश्न म्हणून येतो. त्याच वर्षी केंद्राने पुनर्वसन वित्त प्रशासनाचा अधिनियम केला. त्याखाली विस्थापितांस व्यापार व उद्योगासाठी कर्जे मिळू लागली. येथे निर्वासित हा कर्जदार आहे. १९५० साली निष्क्रांत मालमत्तेच्या प्रशासनाचा आणि विस्थापितांच्या दाव्यांच्या नोंदणीचा असे दोन कायदे झाले. येथे तो दावेदार बनतो. १९५१ च्या ऋणसमायोजन अधिनियमात तो ऋणको व धनको या दोन्ही रूपांत दिसतो. शेवटी, अजित प्रसाद जैन पुनर्वसनमंत्री असताना, १९५४ चा विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम संमत झाला आणि या सर्व धाग्यांची गाठ त्यात मारली गेली.

४

१९५४ चा अधिनियम हा त्या काळातील विधिनिर्मितीचा एक मोठा प्रयत्न होता, यात संशय नाही. दोन शासनांमधील हिशेब मिटत नव्हता. निष्क्रांत मालमत्तेविषयीची बोलणी वर्षानुवर्षे निष्फळ ठरत होती. अशा स्थितीत, शेजारी राष्ट्र आपले देणे देईल तेव्हा देईल, तोवर येथील निष्क्रांत मालमत्ता ताब्यात घेऊन तिच्यातून आपल्या आश्रितांची भरपाई करावी, हा निर्णय धैर्याचा होता. बाराव्या कलमाने ही मालमत्ता शासनास संपादन करता आली आणि चौदाव्या कलमाने तिचा व शासनाने दिलेल्या इतर मत्तांचा मिळून भरपाईचा एक संचय उभा राहिला. लहान दाव्यांस मोठ्या प्रमाणात व मोठ्या दाव्यांस उतरत्या प्रमाणात भरपाई देण्याचे धोरण नियमांत आले. कराचीत हवेली असलेल्यास तिची पूर्ण किंमत मिळाली नाही. शिकारपुरात दोन खोल्या असलेल्यास तुलनेने अधिक मिळाले. समतेचा हा विचार, अंधुक स्वरूपात का होईना, कायद्याने केला, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या अधिनियमाच्या शीर्षकातच त्याचा मूलभूत संभ्रम दडलेला आहे. नुकसानभरपाई आणि पुनर्वसन या एकाच गोष्टीच्या दोन बाजू नव्हेत. भरपाई मागे पाहते. जे गेले त्याचे माप ती घेते. पुनर्वसन पुढे पाहते. जे उभे करावयाचे त्याची गरज ते मोजते. भरपाईचा पुरावा गावी राहिलेल्या घराच्या कागदात असतो. पुनर्वसनाचा पुरावा समोर उभ्या असलेल्या माणसात असतो. अधिनियमाने हे दोन शब्द शेजारी ठेवले, पण माप मात्र प्रामुख्याने पहिल्याचेच वापरले. पडताळलेला दावा हे त्याचे मुख्य प्रवेशद्वार होते, आणि तो दावा स्थावर मालमत्तेचाच असावा लागे. सिंधमध्ये ज्याचे घर भाड्याचे होते, ज्याची सारी मत्ता दुकानातील मालात व गिऱ्हाइकाच्या विश्वासात होती, जो कारकून, शिक्षक, हमाल किंवा आचारी होता, त्याने सर्वस्व गमावले तरी कायद्याच्या भाषेत त्याने काहीच गमावले नव्हते. दावा नसलेल्या रहिवाशासही राहते घर हप्त्याने विकत घेण्याची सोय नियमांत होती हे खरे. पण एकाला जे हक्काच्या भरपाईतून वळते झाले, ते दुसऱ्याला विकत घ्यावे लागले.

दुसरा आक्षेप व्याख्येचा आहे. १ मार्च १९४७ नंतर पश्चिम पाकिस्तानातील प्रदेशातून निघालेली व्यक्ती तीच या अधिनियमापुरती विस्थापित व्यक्ती होय. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यास या व्याख्येत स्थान नव्हते. यामागे व्यावहारिक कारणे होती. पूर्वेकडील येजा थांबलेली नव्हती आणि १९५० च्या नेहरू-लियाकत करारानुसार तेथील मालमत्तेचा हक्क कागदोपत्री कायम होता. तथापि दुःखाला दिशा नसते. दिशा कायद्याला असते, आणि ती कोणत्या कारणाने पडली हे कायद्याने सांगावयास हवे होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो १९५१ व १९५४ या दोन अधिनियमांची तुलना केली असता स्पष्ट होतो. ऋणसमायोजनाच्या कायद्यात विस्थापित ऋणको व त्याचा धनको यांच्यातील वाद दिवाणी न्यायालयासच न्यायाधिकरणाचे अधिकार देऊन त्याच्याकडे सोपविला होता. तेथे ऋणकोची फेडण्याची ऐपतही विचारात घ्यावयाची होती. म्हणजे दोन खाजगी व्यक्तींतील प्रश्नात न्यायाधीश तटस्थ होता आणि गरज हा निकष होता. १९५४ च्या कायद्यात मात्र देणारे शासनच होते, आणि निर्णय देणारे अधिकारीही शासनाचेच होते. सत्ताविसाव्या कलमाने त्यांच्या आज्ञा अंतिम ठरविल्या आणि छत्तिसाव्या कलमाने दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले. उच्च न्यायालयांचा संविधानदत्त अधिकार अबाधित राहिला, परंतु बराकीतील अर्ध्या खोलीच्या वादासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात जाणे किती जणांच्या आटोक्यात होते? साहाय्यास हक्काचे रूप दिले, पण त्या हक्काचा न्यायाधीश देणाराच राहिला. मागे सांगितलेल्या कसोटीवर हा अधिनियम येथे उणा पडतो.

५

चौथा दोष अधिनियमात जे लिहिले त्यात नसून जे लिहिले नाही त्यात आहे. भरपाई व्यक्तीस मिळते; वसाहत मात्र व्यक्तींची बेरीज नसते. तिला पाणी, गटारे, रस्ते, शाळा, दवाखाना, मोकळी जागा आणि वाढत्या कुटुंबाला पुरेल असा आराखडा लागतो. या सामाजिक विकासाचा कर्ता कोण, त्याचा निधी कोणता, त्याची मुदत किती, यांविषयी हा कायदा मौन पाळतो. कच्छमध्ये भाई प्रताप यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिंधू पुनर्वसन महामंडळाने गांधीधामची आखणी आधी केली व माणसे नंतर वसविली. उल्हासनगरात माणसे आधी आली; आखणी बराकींची होती, आणि ती युद्धाने केलेली होती. सैनिकाच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या लांबच लांब दालनांत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. पुढे याच बराकींचे तुकडे रहिवाशांच्या नावे झाले व त्यांच्या सनदा निघाल्या. परंतु बराक व बराक यांमधील मोकळी जमीन कोणाची, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनिर्णीतच राहिला.

या त्रुटीतून रहिवाशांनी आपल्या उद्यमाने वाट काढली. पापड, मिठाई, फर्निचर, शिवलेले कपडे, यंत्रांचे सुटे भाग आणि पुढे जीन्सचे कापड यांच्या लहान लहान कारखान्यांनी सुमारे १३ चौरस किलोमीटरांचे हे शहर गजबजून गेले. येथील मालावरील 'यूएसए' या अक्षरांचा लोकांनी लावलेला 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा अर्थ विनोदाचा विषय झाला. पण त्या विनोदामागे, नाव नसलेल्या कारागिराने मोठ्या नावाचा आधार घ्यावा लागण्याची जी आर्थिक वस्तुस्थिती आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मोकळ्या जागेत, जुन्या बराकींच्या जागी, मग मजल्यावर मजले चढले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली.

६

२००५ साली संसदेने विस्थापितांसंबंधीचे दावे, भरपाई व निष्क्रांत मालमत्ता यांविषयीचे जुने कायदे निरसित केले. त्यांचे प्रयोजन संपले, अशी त्यामागील भूमिका होती. याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात उल्हासनगरातील ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न ऐरणीवर आला होता व त्या पाडण्याचे आदेश निघाले होते. २००६ साली महाराष्ट्र विधिमंडळास उल्हासनगर शहरातील अनधिकृत विकास नियमित करण्यासाठी, केवळ या एका शहरापुरता, खास अधिनियम करावा लागला. केंद्राने काम पुरे झाले म्हणून वही मिटली, आणि दुसऱ्याच वर्षी राज्याला त्याच शहरासाठी नवी वही उघडावी लागली. पुनर्वसनाचा हिशेब व्यक्तीच्या दाव्यापुरता मिटला होता, वसाहतीपुरता मिटला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

२००६ च्या अधिनियमाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. त्याला केवळ मतांसाठी केलेली सवलत म्हणणे अपुरे आहे, कारण ज्या रहिवाशाने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले त्याला बेकायदेशीर बांधकामाची शिक्षा एकट्याने भोगावयास लावणे अन्यायाचे होते. परंतु त्याला न्यायाची पूर्तता म्हणणेही चुकीचे होईल. दंड व शुल्क भरून कागद शुद्ध होतो. वाळू, लोखंड व सिमेंट शुद्ध होत नाही. या योजनेखाली नियमित झालेल्या बांधकामांची संख्या अपेक्षेच्या मानाने थोडीच राहिली. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शहरातील दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्बांधणी करावयाची तर जमिनीचा हक्क सिद्ध करावा लागतो. हक्क सिद्ध करावयाचा तर आजोबांच्या नावे निघालेली सनद शोधावी लागते. आणि ती सापडली नाही, किंवा ती बराकीच्या एका तुकड्याची निघाली व इमारत तीन तुकड्यांवर उभी असली, म्हणजे तडे गेलेल्या भिंतींत तसेच राहावे लागते. १९५४ च्या कायद्याने सिंधमधील कागद मागितला होता. आज तिसऱ्या पिढीकडे त्या कायद्याने दिलेला कागद मागितला जात आहे.

७

आतापर्यंतचा विचार एका शहरापुरता झाला. परंतु साहाय्याचा कायदा ज्यांची नोंद घेत नाही असा आणखी एक शेजार आहे, आणि तो राष्ट्राच्या सीमेपलीकडे नसून वेशीपलीकडे आहे.

अंबरनाथ हे स्थान शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या मंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. विसाव्या शतकात आगकाड्यांचा कारखाना, त्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने व राज्याची औद्योगिक वसाहत यांनी या गावाचे रूप पालटले. ज्या महायुद्धाने कल्याणची छावणी वसविली, त्याच युद्धात अंबरनाथ तालुक्यातील नेवाळी परिसरात विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. युद्ध संपले, छावणीच्या बराकी निर्वासितांस घरे म्हणून मिळाल्या, परंतु धावपट्टीच्या जमिनी मूळ शेतकऱ्यांकडे परतल्या नाहीत. २२ जून २०१७ रोजी नेवाळीत या प्रश्नावरून जो उद्रेक झाला, त्याने सात दशकांचा विसर एका दिवसात मोडून काढला. एकाच युद्धाच्या वारशातून एका समूहास निवारा मिळाला व दुसऱ्याची शेती गेली. पहिल्यासाठी संसदेने कायदा केला. दुसऱ्यासाठी अर्ज व आंदोलन एवढाच मार्ग उरला.

बदलापूरची कथा पाण्याची आहे. उल्हास नदी बदलापुरावरून वाहत खाली येते, आणि या गावाच्या वरच्या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले बारवी धरण आहे. १९७२ साली पुरे झालेल्या या धरणाचे पाणी खालच्या औद्योगिक वसाहतींस व शहरांस जाते. उल्हासनगरही याच पाण्यावर जगते. धरणासाठी व पुढे त्याची उंची वाढविण्यासाठी मुरबाड तालुक्यातील वाड्यापाड्यांस आपली जागा सोडावी लागली. निर्वासितांच्या शहराला पाणी मिळावे म्हणून दुसरी माणसे विस्थापित झाली, असे म्हटल्यास ते पूर्ण सत्य होणार नाही, कारण धरणाचे मुख्य प्रयोजन औद्योगिक होते; परंतु अर्धे सत्य तरी ते आहेच. वालधुनीची स्थिती याउलट आहे. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी ही लहानशी नदी उल्हासनगरातून वाहते, आणि कारखान्यांचे सांडपाणी, जीन्स धुण्याचे रंग व चोरून ओतलेली रसायने घेऊन पुढे जाते. एकाचे पाणी दुसऱ्यास आणि दुसऱ्याची घाण तिसऱ्यास, अशी ही देवघेव कोणत्याही करारावाचून चालू आहे.

प्रशासनाची रचनाही या परस्परावलंबनास अनुरूप झाली नाही. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तीत सामील करण्यात आली व १९९२ साली वगळण्यात आली. उल्हासनगर प्रथमपासून वेगळे राहिले व १९९६ साली त्याची स्वतंत्र महानगरपालिका झाली. एका नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या या लोकसमूहांस कायद्याने निरनिराळी नावे दिली: कोणी विस्थापित व्यक्ती, कोणी प्रकल्पग्रस्त, कोणी भूसंपादनातील हितसंबंधी, कोणी अनधिकृत बांधकामाचा भोगवटादार. प्रत्येक नावाचे माप वेगळे, कचेरी वेगळी, मुदत वेगळी. घर व जमीन यांची शाश्वती ही गरज मात्र सर्वांची एकच आहे.

८

नागरिकत्वाच्या प्रश्नातही हीच पद्धत दिसते. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख महत्त्वाची मानली. १९५४ च्या अधिनियमाने १ मार्च १९४७ ही तारीख घेतली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा अधिनियमाने ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख, तीन शेजारी देश व सहा धर्मसमूह निश्चित केले. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. फाळणीनंतर पुष्कळ वर्षांनी सिंधमधून येऊन उल्हासनगरातील आप्तांजवळ राहिलेल्या कुटुंबांस या कायद्याने दिलासा मिळू शकतो. त्याच्या धर्माधिष्ठित वर्गीकरणावर गंभीर घटनात्मक आक्षेप घेण्यात आले आहेत. त्यांचा परामर्श हा स्वतंत्र लेखाचा विषय होय. येथे एवढेच नोंदवावयाचे की, हाही कायदा दर्जा देतो, वसाहत देत नाही. सत्तर वर्षांपूर्वीची चूक येथे निराळ्या रूपात पुन्हा भेटते. माणूस कोण हे ठरविण्यात कायद्याची सारी शक्ती खर्च होते. तो कोठे व कसा राहील हे ठरविण्यास ती उरत नाही.

या विवेचनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. फाळणीसारख्या प्रचंड आपत्तीत, तुटपुंज्या तिजोरीनिशी, शासनाने जे केले तेच पुष्कळ होते. आजच्या कसोट्या त्या काळास लावणे अनैतिहासिक होय, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. गरज व ऐपत पाहण्याची कसोटी १९५१ च्या कायद्यात होती. आधी आखणी व मग वस्ती हा क्रम त्याच काळात गांधीधामला अनुसरला गेला होता. म्हणजे ज्या कसोट्या येथे लावल्या त्या त्या काळाच्याच आहेत; त्या सर्वत्र लावल्या गेल्या नाहीत, एवढेच.

तेव्हा शेजाऱ्यासंबंधीच्या साहाय्याचा कायदा, मग तो सीमेपलीकडील राष्ट्रासाठी असो वा तेथून आलेल्या माणसांसाठी असो, तीन गोष्टींनी पारखावा लागेल. पहिली, ज्यास साहाय्य द्यावयाचे त्याच्या गरजेचे माप कायदा घेतो की केवळ त्याच्या नुकसानीचे. दुसरी, देणाऱ्याहून निराळा असा न्यायाधीश तो नेमतो की नाही. तिसरी, त्या साहाय्याचा भार ज्या तिसऱ्यावर पडतो, त्याचे नाव कायद्यात येते की नाही. सिंधू करारातील हप्त्यांचा हिशेब पौंडांत पुरा झाला. विस्थापितांच्या दाव्यांचा हिशेब निरसन अधिनियमाने पुरा झाला. नेवाळीचा शेतकरी, मुरबाडचा धरणग्रस्त आणि उल्हासनगरातील तडे गेलेल्या इमारतीत सनद शोधणारा रहिवासी यांचे खाते मात्र अजून उघडे आहे. हे तिघे एकाच आगगाडीने प्रवास करतात, एकाच खोऱ्यात राहतात, आणि क्वचितच एकमेकांचे अर्ज वाचतात. त्या अर्जांना एका कायद्याच्या छपराखाली आणणारी विधिनिर्मिती झाली, तर बराकींच्या या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी मिळालेले नगर हे नाव सार्थ होईल.